गोळ्या झेललेली गिरणी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं गाव आहे. १८४७ मध्ये डच स्थलांतरितांनी वसवलेलं. मायदेशातली एक पवनचक्की आपल्या गावात असावी, ही त्यांच्या वारसांची इच्छा. पण नेदरलँड्स सरकार जुन्या पवनचक्क्या देशाबाहेर जाऊ देत नव्हतं. खटपट करून १९६४ मध्ये त्यांनी एक मिळवलीच. नाव 'द झ्वान', म्हणजे हंस. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या झेललेली. सुटी करून बोटीनं आणली, पुन्हा उभारली, १९६५ मध्ये सुरू केली. आजही ती वाऱ्यावर गहू दळते, पीठ विकलं जातं.

आपण वारसा जपतो म्हणजे काय करतो? रंग फासतो, कुलूप ठोकतो, फलक लावतो. त्यांनी गिरणी चालू ठेवली. जपणं म्हणतात ते याला!