शपथ कुणाच्या नावानं? – सेवाग्राममधला नास्तिक

आज आपण वर्ध्याला आलोय. वर्धा शहरापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. या गावाचं जुनं नाव शेगाव. पण बुलढाण्यातलं गजानन महाराजांचं शेगाव आधीच ठाऊक असलेलं, पत्रं भलतीकडेच जायची, म्हणून १९४० साली हे सेवाग्राम झालं. आजचा विषय देवाचा आहे, त्यामुळे सुरुवातीलाच एका संताच्या गावाशी टपालाचा घोळ व्हावा, याची मला जरा गंमत वाटते.

प्रश्न जुनाच आहे. देव मानत नाही त्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा? पाप-पुण्य नाही, वर हिशेब मागणारा कुणी नाही, मग तो सचोटीनं का वागेल? आपल्याकडे आगरकरांना हे ऐकावं लागलंच होतं. पण सेवाग्राममध्ये तो प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. तिथं एक लग्न लावायचं होतं.

गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना ‘गोरा’ म्हणायचे. जन्म १९०२ चा, आंध्रातले, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक मतांपायी १९३३ मध्ये काकीनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावात त्यांनी आणि पत्नी सरस्वती यांनी नास्तिक केंद्र सुरू केलं. काम काय? अस्पृश्यतेविरुद्ध, सहभोजनं, प्रौढांचं शिक्षण. म्हणजे गांधीजींचंच काम, फक्त देव वगळून!

१९३० मध्ये गोरांनी गांधीजींना पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही ईश्वर म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतं? उत्तराचा सूर असा, की ईश्वर माणसाच्या आकलनापलीकडचा आहे. गोरांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. पुढं १९३९ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये सत्याग्रहीच्या अंगी काय काय हवं ते लिहिलं, त्यात ईश्वरावर जिवंत श्रद्धा ही अट होती. म्हणजे गोरांसारख्याला दार बंदच की!

आणि तरी १९४४ च्या अखेरीस गोरा सेवाग्रामला आले. ते वर्ष लक्षात घ्या. फेब्रुवारीत कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये गेल्या, मे महिन्यात गांधीजी सुटले. गांधीजींनी थट्टेतच सुरुवात केली, की देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलू? गोरांनी हसून फरक सांगितला: देव नाही एवढंच म्हणणं वेगळं, आणि तो नाही म्हणून जबाबदारी आपली आहे असं मानून जगणं वेगळं.

मग त्यांनी कलकत्त्याचं सांगितलं. १९४३ च्या दुष्काळात माणसं मिठाईच्या, फळांच्या दुकानांशेजारी फूटपाथवर मरून पडत होती. समोर अन्न, आणि हात पुढं होत नाही. का? तर हे आपलं नशीब, ही देवाची इच्छा. हा समज गेला असता तर ती माणसं तशी मेली नसती, असं गोरांचं म्हणणं.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या माणसाच्या अंगात हिसकावून घेण्याचं बळ कुठून येणार? समोर पोलीसही होते. आणि श्रद्धेनं माणूस निमूटच होतो म्हणावं तर तेच समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं खोटं ठरवलेलं. पण गांधीजींनी हा वाद घातला नाही. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघंही सत्य शोधणारे, असा त्यांचा कल होता. १९३९ ची अट आठवा, म्हणजे हे किती लांब येणं होतं ते कळेल.

याची पूर्वतयारी मात्र जुनी होती. १८९१ मध्ये लंडनला शिकत असताना गांधीजी चार्ल्स ब्रॅडलॉच्या अंत्ययात्रेला गेले होते. हा ब्रॅडलॉ उघड नास्तिक. १८८० मध्ये निवडून आला, पण देवाच्या नावाच्या शपथेवरून वाद पेटला आणि जागेवर सुखानं बसायला १८८६ उजाडलं. मुद्दा तोच, शपथेचा! १९३१ मध्ये गांधीजींनी ‘ईश्वर हेच सत्य’ हे वाक्य उलटं केलं: ‘सत्य हाच ईश्वर’. कारण त्यांनीच सांगितलं, सत्य तर नास्तिकही नाकारत नाही.

आता लग्न. गोरांची थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुन राव या त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरलं. ते आश्रमात लावायला गांधीजी राजी झाले, पण घाई नको, दोन वर्षं थांबा, आणि मुलानं आश्रमात येऊन राहावं, असं त्यांचं म्हणणं. मग अडचण आली ती शब्दाची. विधीत प्रतिज्ञा ईश्वराच्या नावानं. वधूपिता नास्तिक. गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायचं मान्य केलं.

हे लहान वाटेल. पण रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालणाऱ्या आश्रमात, माणूस आपला शब्द पाळेल याची हमी देव न घेताही पुरते, हे मान्य केलं गेलं. तिथली एकादश व्रतं बघा: सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह, शरीरश्रम… अकरांत ‘ईश्वर मान’ असं एकही नाही.

ते लग्न बघायला गांधीजी राहिले नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला त्यांचा खून झाला. लग्न १३ मार्चला सेवाग्राममध्येच लागलं, सत्याच्या नावानं. त्याच दिवसांत तिथं नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा वगैरे मंडळी जमली होती, गांधीजींच्या मागं आता काय करायचं हे ठरवायला.

गोरा शेवटपर्यंत नास्तिकच राहिले. त्यांचा मुलगा लवणमही नास्तिक. विनोबा भूदानासाठी आंध्रात पायी फिरले, तेव्हा त्यांची भाषणं तेलुगूत सांगायला सोबत होता तो हाच लवणम. विनोबांच्या बोलण्यात देव पावलोपावली, आणि तो तेलुगू माणसांपर्यंत पोचवत होता गोरांचा मुलगा!