राज्य बुडाले, धर्म टिकला

अरबांनी इराण जिंकले आणि सारी प्रजा लागलीच मुसलमान झाली, असे आपण सहज समजतो. तसे घडले नाही. इ. स. २२४ पासूनचे सासानी घराणे जरथुष्ट्री धर्माचे पाठीराखे. पण ६०२ ते ६२८ पर्यंत रोमी साम्राज्याशी लढून ते थकले. मग गादीसाठी भाऊबंदकी माजली. ६४२ साली नहावंदला सैन्य मोडले, ६५१ साली राजा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला. प्रजा मात्र जिझिया भरून पवित्र अग्नी राखीत राहिली. धर्मांतराला पुढे कित्येक पिढ्या लागल्या. नवव्या शतकातही, खलिफांच्या अमलात, जरथुष्ट्री पंडित ‘दीनकर्द’सारखा मोठा ग्रंथ रचीत होते. तेव्हा गुरुजी, ६५१ हा सन राज्य बुडाल्याचा, धर्म बुडाल्याचा नव्हे, एवढे मुलांना जरूर सांगा.