बॉर्डर, कॅप्शन आणि 'डावीकडून तिसरे'

डिजिटल फोटोला नक्षीदार बॉर्डर लावायची, खाली 'माथेरान, मे २००५' असं टाकायचं आणि मग लॅबमध्ये प्रिंटला द्यायचं. ही हौस आपल्याला पिकासाने लावली असं वाटतं. (पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, तरी त्याची आठवण काढून हळहळणारे लोक अजून भेटतात!) पण हा उद्योग चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि त्यातला बराचसा आपल्या खाडीपलीकडे, मुंबईतच झालाय.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटला. याच मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर होता. त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड काढले. गंमत म्हणजे, त्यात माणसांचे फोटो काढायचे एकीकडे आणि मागचा देखावा जोडायचा दुसराच! म्हणजे फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी हे काम मुंबईत चालू होतं.

पण खरी गोष्ट कॅप्शनची आहे. त्या फोटोंवर बहुतेक ठिकाणी जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. पुढे सरकारी आशीर्वादाने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले (१८६८ ते १८७५), त्यातही बहुतेक तोच प्रकार. माणूस समोर उभा आहे, चेहरा स्पष्ट आहे, पण तो कोण हे लिहावंसं कुणाला वाटलंच नाही.

घरच्या फोटोंचं काय? १८६६ नंतर 'कॅबिनेट कार्ड' नावाचा प्रकार जगभर चालला. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा जाड पुठ्ठा, त्यावर साधारण चार बाय साडेपाचचा फोटो, आणि खाली उरलेल्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत नाव. कुणाचं? स्टुडिओचं! मागे वेलबुट्टी आणि मिळालेली पदकं. फोटोतल्या आजोबांचं नाव मात्र कुठेच नाही. घरात सगळ्यांना माहीतच होतं ना... दोन पिढ्यांनी ते कुणालाच माहीत नसतं.

आपल्याकडे नावं लिहायची ती दोनच ठिकाणी. एक म्हणजे शाळा-ऑफिसचे ग्रुप फोटो : 'खुर्चीवर (डावीकडून)...', 'उभे (डावीकडून)...'. दुसरं म्हणजे भिंतीवर हार घातलेली तसबीर, 'कै.' लावलेली. घरातल्या माणसाला फोटोखाली नाव मिळायचं ते तो गेल्यावर!

बॉर्डरची कथा जरा वेगळी आहे. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटभोवती जी पांढरी चौकट असते, ती मुळात सजावट नव्हे. एन्लार्जरखाली कागद सपाट राहावा म्हणून तो पट्ट्यांच्या चौकटीत दाबून धरायचे. पट्टीखाली उजेड पोचत नसे, म्हणून तेवढा भाग पांढरा राहायचा. मग कुणाला तरी ते देखणं वाटलं आणि कडा कातरून नक्षीदार करायची फॅशन आली. थोडक्यात, आधी गरज, मग फीचर.

डिजिटलमध्येही तेच झालं. आपले कॉम्पॅक्ट कॅमेरे (आणि आजचे बहुतेक फोन) फोटो काढतात ४:३ या प्रमाणात, आणि लॅबचा चार बाय सहाचा कागद असतो ३:२. म्हणून डोकी किंवा पाय कापले जातात. आता हिशोब करा. ३०० डीपीआयला हा कागद म्हणजे १२०० × १८०० पिक्सेल. उभा फोटो न कापता बसवला तर तो १२०० × १६०० होतो. खाली उरतात २०० पिक्सेल, म्हणजे पाऊण इंचाला थोडी कमी अशी पट्टी. अगदी कॅबिनेट कार्डावर असायची तशी! तिथे वेलबुट्टी काढण्यापेक्षा नाव लिहा. (बॉर्डरलेस प्रिंटमध्ये कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून मजकूर कडेपासून जरा आत ठेवा.)

'कॅप्शन फाइलमध्येच साठवता येतं की' असं तुम्ही म्हणाल. येतं. पण व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवला की ही आतली माहिती गळून पडते. कागदावरची अक्षरं अशी गळत नाहीत.

आणि हे सगळं नवी मुंबईत बसून लिहितोय त्याला कारण आहे. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच्यासाठी तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी गावं जागेवरून उठली, उलव्याची टेकडी कापली गेली. त्या घरांचे, अंगणांचे, लग्नांचे फोटो आज कुणाच्या तरी फोनमध्ये किंवा ट्रंकेत आहेत. जागा गेल्यावर त्या फोटोची ओळख पटवायला समोर काहीच उरत नाही. कॅप्शन नसेल तर ते फक्त 'एक जुनं घर' आणि त्याच्यासमोर 'काही माणसं'. म्हणजे आपणच जॉन्सनचा अल्बम पुन्हा तयार केला की!

आणि हे फक्त त्या गावांपुरतं नाही. इथल्या सोसायट्यांमध्ये आपण बहुतेक जण कुठून तरी येऊन राहिलोय, मागे राहिलेलं घर फोटोतच बघतो.

असो. बॉर्डर कुठली लावायची ते तुमच्या आवडीवर. कॅप्शनमध्ये मात्र चार गोष्टी हव्यात : पूर्ण नावं डावीकडून, गाव, वर्ष आणि प्रसंग. नुसतं 'आई-बाबा' पुरणार नाही. तुमच्या नातवाला ते कुणाचे आई-बाबा हे कळायला हवं. आणि ही नावं सांगू शकणारं माणूस घरात आहे, तोवरच हे काम होणार आहे.