मराठी चौथी, इंग्रजी पहिली : एका शाळेत नांदलेल्या दोन भाषा

इंदापूर तालुक्यातील कळंब हे नाव आज साखरेच्या संदर्भात घेतले जाते. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी याच परिसरात कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. पण त्याच्या शंभर वर्षे आधी हा तालुका एका वेगळ्या कारणाने गाजला होता. प्रिंगलची सारापद्धती फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये जमीनमोजणीची आणि आकारणीची नवी पद्धत प्रथम इंदापुरातच लागू केली. शेताची माहिती कुलकर्ण्याच्या मोडी दप्तरात, आणि त्या शेताचा निर्णय इंग्रजी अहवालात! या दोन कागदांच्या मध्ये उभा राहू शकेल असा माणूस सरकारला हवा होता. एकाच शाळेत दोन भाषा शिकवण्याचा महाराष्ट्रातील प्रश्न बऱ्याच अंशी या गरजेतून जन्मला. आजचा धागा त्याविषयी.

आरंभीच्या पिढीला हा प्रश्न भांडणाचा वाटत नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा कल देशी भाषांतून शिक्षण देण्याकडे होता. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने (पुढे तीच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली) शाळांसाठी मराठी पुस्तके सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि इसापच्या कथा मराठीत आणल्या. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने शास्त्र्यांच्या मदतीने गणिताचे ग्रंथ मराठीत उतरवले. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. नव्या शिक्षणासाठी मराठीने जे विषय अगदी प्रथम आत्मसात केले, त्यांत गणित होते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एक इंग्रजी आणि एक मराठी. दोन्ही भाषांना एकाच पानावर बरोबरीची जागा देणारे असे दृश्य आपल्या शाळेच्या वर्गात त्यानंतर क्वचितच दिसले.

कारण १८४७ मध्ये वाद पेटला. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे की पैसा तुटपुंजा आहे. तेव्हा तो वरच्या वर्गातील थोड्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात खर्चावा, ज्ञान तेथून खाली झिरपेल. विरोधात उभा राहिला तो जर्व्हिस, आणि त्याच्या बाजूला मंडळाचे तिन्ही हिंदी सभासद: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. हे तिघे काही इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टनच्या नावाने इंग्रजी शिक्षणाची संस्था उभी करण्यात शंकरशेटांचा वाटा होताच. त्यांचा मुद्दा एवढाच होता की बहुजनांपर्यंत विद्या पोचवायची तर ती त्यांच्याच भाषेतून पोचेल. सरकारने तडजोड केली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही तीच वाट धरली: सामान्यांसाठी देशी भाषा, वरच्या पायरीवर इंग्रजी.

या तडजोडीतून जी शाळा घडली तिची आठवण जुन्या घरांतून अजून निघते. मुलगा ‘मराठी चौथी’ होई आणि मग ‘इंग्रजी पहिली’त बसे. म्हणजे चार वर्षे शिकून तो पुन्हा पहिलीत! इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. दुसरी वाट मराठी सातवीची, व्हर्नाक्युलर फायनलची. तिने प्राथमिक शिक्षकाची वा कारकुनाची नोकरी मिळे, पण त्या वाटेवरून कॉलेजचा दरवाजा दिसत नसे. भाषा दोन होत्या खऱ्या, पण त्या शेजारी बसलेल्या नव्हत्या. एक जिन्याखाली होती आणि एक जिन्यावर. खेड्यातील मुलासाठी तो जिना बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी असे. स्वतः स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमके यावर बोट ठेवले. रयतेच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यांची तक्रार होती. मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान सर्वांना मिळावे, ही त्यांची मागणी होती.

स्वातंत्र्यानंतर लंबक उलट गेला. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेश अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाबाहेरच्या नागरिकांपुरते मर्यादित केले. (‘दर्पण’चीच तारीख, निव्वळ योगायोग.) नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स हायस्कूलचे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. भाषेच्या नावाखाली मुलांना वंशावरून वगळता येणार नाही, असा त्याचा आशय. माझ्या मते निकाल योग्यच होता. परंतु त्यानंतर मराठी शाळा बळकट करण्याऐवजी इंग्रजी शाळेत जाण्याची ऐपत कोणाची, एवढाच प्रश्न उरला.

२००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. टीका पुष्कळ झाली. मोऱ्यांची भूमिका मात्र अशी होती की शहरातील मुलाला जे मिळते ते खेड्यातील मुलाला नाकारू नये. पुढे ‘सेमी इंग्रजी’ रुजले: गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. जर्व्हिसने मराठीत आणलेले गणितच मराठीतून सर्वांआधी बाहेर पडले! अडचणी बारीक असतात. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. इंग्रजीत बोलणे आणि लिहिणे एका क्रमाने चालते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन सुचवले, तेव्हा केवढी खिल्ली उडाली ते आठवावे. मूल शाळेत ‘ट्वेंटी सेव्हन’ शिकते आणि बाजारात सत्तावीस रुपये मोजते. हा पूल त्याने एकट्याने बांधायचा असतो. २०२२ पासून पहिलीच्या एकात्मिक द्विभाषिक पुस्तकांत मराठी शब्दांच्या जोडीला इंग्रजी शब्द आले, ते या पुलाचे पहिले गंभीर सरकारी काम म्हणता येईल.

जगात याहून वेगळी रचनाही झाली. १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबाहून आलेल्या निर्वासितांची मुले आणि स्थानिक इंग्रजीभाषक मुले एकत्र शिकू लागली. अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी. तेथे प्रत्येक भाषेची मुले वर्गात हजर होती, म्हणून प्रत्येक मूल दुसऱ्याचे गुरू ठरू शकले. आपल्या खेड्यातील वर्गात इंग्रजी घरून घेऊन येणारे मूल नसते. तेथे इंग्रजी येते ती पुस्तकातून आणि शिक्षकाच्या तोंडून.

दुसरी भाषा घरून आणणारी मुले मात्र याच ऊसपट्ट्यात असतात. गाळपाच्या हंगामात तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांत अनेक कुटुंबे बंजारा असतात. त्यांच्या मुलांसाठी राज्यात साखरशाळा निघाल्या. घरी गोरमाटी बोलणाऱ्या त्या मुलासाठी मराठी ही शाळेतली दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम संपला की टोळी गावाकडे परतते आणि पुस्तक अर्ध्यावर असते.