दुसरे महायुद्ध आणि मुंबई प्रांत
३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी विधिमंडळाला न विचारता भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. वसाहत असल्याने हिंदुस्थान दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आपोआप ओढला गेला. निषेध म्हणून मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. सैन्यभरती मात्र ऐच्छिक होती. युद्धअखेर भारतीय सेना सुमारे २५ लाखांची झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (१९४५) यांना इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली.