पान, नीळ आणि मका

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या पांढुर्णा-सौंसर भागातील शेतकरी संत्र्याची बाग राखतो आणि कपाशी पेरतो. पण या सर्व पिकांचा खरा कारागीर म्हणजे झाडाचे हिरवे पान. हवेतील कर्बवायू, मुळांनी शोषलेले पाणी आणि सूर्याचा प्रकाश, एवढ्या भांडवलावर ते अन्न निर्माण करते. पानाचे हे कार्य उजेडातच चालते, हे इंगेनहूज या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला की, पानाची ही विद्या माणसाला साधेल काय?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर याने १८७० साली एक तर्क मांडला. पान कर्बवायूपासून प्रथम फॉर्माल्डिहाइड बनवते व त्यापासून शर्करा, असा तो तर्क होता. त्याच्या आधारे लिव्हरपूलच्या बेली यांनी १९२०च्या दशकात प्रकाशाच्या साह्याने शर्करा बनविल्याचे जाहीर केले; परंतु इतरांना तो प्रयोग साधला नाही. पुढे कॅल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कर्बाचा माग काढून पानातील खरी वाट शोधली. ती वाट बायरच्या तर्काहून अगदी निराळी निघाली. या कार्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र याच बायरचा दुसरा उद्योग सफल झाला. नीळ कृत्रिम रीतीने बनविण्याचा मार्ग त्याने दाखविला आणि १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. ती स्वस्त होती आणि तिची प्रत एकसारखी होती. पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातील निळीची बहुतेक शेते उठली होती.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, २०२१ साली चीनमधील त्येन्जिन येथील शास्त्रज्ञांनी कर्बवायूपासून पिष्ट बनविले. हायड्रोजनच्या साह्याने कर्बवायूचे प्रथम मेथॅनॉल करावयाचे आणि मग विकरांकरवी त्याचे पिष्ट, अशी ही रीत आहे. त्यासाठी लागणारा हायड्रोजन सौरविजेने पाण्यापासून मिळविता येतो. प्रयोगशाळेत ही क्रिया मक्याच्या पिष्टनिर्मितीहून साडेआठ पट वेगाने झाली, असे त्यांचे मोजमाप आहे. पण प्रयोगशाळेतील वेग आणि बाजारातील भाव या दोन भिन्न गोष्टी होत.

संत्र्याला याची धास्ती नाही. रस, आम्ल, सुगंध आणि जीवनसत्त्वे यांचा तो मेळ कारखान्याला सहज साधणारा नव्हे. पण पिष्ट हा निळीसारखाच एकजिनसी पदार्थ आहे. आणि ज्या छिंदवाड्यातून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तेथे मका हे मोठे पीक आहे. पावसाने दगा दिला तरी भुकेल्याला अन्न देणारी विद्या निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र निळीच्या शेतकऱ्याला विज्ञानाची वार्ता बाजार बुडाल्यावर कळली. मका पिकविणाऱ्याला ती आजच कळली पाहिजे. कारण पीक बदलावयास, जोडधंदा उभारावयास वर्षे लागतात आणि तेवढा अवधी अद्याप त्याच्या हाती आहे.