वाटून घेतलेली माया

आई मेलेलं वासरू जगवायचं तर पहिली लढाई त्याच्या पोटाशी असते. दूध मानवलं नाही की हगवण लागते आणि बघता बघता त्याचे डोळे खोल जातात. कोकणात गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली, त्यात हे पुष्कळ पाहिलं. म्हणूनच केनियाच्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची थोरवी मला आधी दुधात दिसते.

डॅफ्नीबाईंचा जन्म 1934चा, केनियातलाच. त्यांचे पती डेव्हिड हे त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. हस्तिदंतासाठी चोरटी शिकार व्हायची, दुष्काळ पडायचे, आणि मागे उरलेली पोरकी पिल्लं या जोडप्याच्या दारी यायची. इतर जनावरं वाढली. अंगावर पिणारं हत्तीचं पिल्लू मात्र हाती लागेना. गाईच्या दुधातली चरबी त्याला पचत नाही. बाईंनी वर्षानुवर्षं मिश्रणं करून पाहिली. अखेर लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीला जोड मिळाली खोबरेल तेलाची. हत्तिणीच्या दुधातल्या चरबीला तेच सर्वांत जवळचं ठरलं.

त्या दुधावर आयेशा नावाचं पिल्लू वाढू लागलं. पण बाई मुलीच्या लग्नासाठी बाहेरगावी गेल्या आणि आयेशानं अन्न टाकलं. बाई परतल्या, तरी ती वाचली नाही. दूध बरोबर होतं; जीव मात्र एकाच माणसावर जडला होता.

हा घाव बाईंनी कामाची शिस्त करून जपला. डेव्हिड 1977 साली वारले. त्यांच्या नावानं बाईंनी नैरोबी राष्ट्रीय उद्यानात संस्था उभारली, तिथे पिल्लांना सांभाळणारे अनेक जण नेमले. दर तीन तासांनी बाटली. पिताना सोंड टेकायला टांगलेलं घोंगडं, म्हणजे आईच्या पोटाचा भास. रात्री पिल्लाशेजारी माणूस झोपणार, पण रोज वेगळा. एकत्र कुटुंबातलं तान्हं काकू, आत्या, आजी कुणाच्याही कुशीत झोपतं, तसंच हे. पुढे पिल्लं त्सावोत जातात आणि हळूहळू रानातल्या कळपांत मिसळतात. रानात रुळलेल्या काही हत्तिणी स्वतःचं पिल्लू घेऊन या सांभाळणाऱ्यांकडे आल्या आहेत.

12 एप्रिल 2018 रोजी बाई गेल्या, तोवर 230हून अधिक हत्ती असे वाढले होते. त्यांच्यामागे कन्या अँजेला यांनी काम चालू ठेवलं. ते अडलं नाही, कारण आपल्यावाचून अडू नये अशीच बाईंनी त्याची घडी बसवली होती.

आपल्याकडेही पोरक्या, जखमी जनावरांसाठी जिवाचं रान करणारी माणसं आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दुधाचं प्रमाण लिहून ठेवा, दोघा-तिघांना शिकवून तयार करा आणि पिल्लाला साऱ्यांच्या हातची सवय लावा.